इपॉक्सीत गांडुळं सोडली तर?

नमस्कार मंडळी! दोन ट्यूबमधून पिळून, काडीने कालवून आपण जो गोंद बादलीच्या कडीला लावतो ना, तो इपॉक्सी. मी त्याची ही वडी पाडलीय. काचेसारखी स्वच्छ. आता वाकवते... टक्! वाकलीच नाही, थेट मोडली.

कारण तिची जाळी. एका ट्यूबमधल्या रेझिनमध्ये दुसरीतला हार्डनर घातला की रेणू चहूकडून एकमेकांना जोडले जातात. म्हणून ती टणक, पण चीर पडली की रेणूंना सरकायला वावच नाही. चीर सुसाट आरपार.

जुना उपाय म्हणजे द्रवरूप रबर. ते रेझिनमध्ये विरघळतं आणि गोंद घट्ट होताना वेगळं होऊन त्याचे मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे थेंब बनतात. चीर अडते खरी, पण वडी दुधाळ होते. शिवाय जे रबर जाळीतच अडकून बसतं, ते तिचा ताठपणा आणि उष्णता सोसायची ताकद खातं.

1997 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या हिलमायर, बेट्स आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट दाखवली: ब्लॉक कोपॉलिमर. दोन साखळ्या, एकीच्या शेपटाला दुसरी. एकीचं रेझिनशी गूळपीठ, दुसरीचा छत्तीसचा आकडा. भांडून वेगळं व्हावं, तर गाठ पक्की बांधलेली! मग साबण पाण्यात करतो तेच इथे होतं. रेझिन नको असलेली टोकं आत घोळका करतात, दुसरी बाहेर राहतात आणि इवल्या गोळ्यासारखा कण बनतो. कुणी साचा दिलेला नाही, आपोआप. आकार साधारण दहा-वीस नॅनोमीटर; नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग.

मला यातली खरी गंमत वाटते ती वेळेची. हार्डनर काम करू लागला की बाहेरच्या साखळीलाही रेझिन हळूहळू नकोसं होतं. पण तोवर जाळी विणून झालेली असते, निघून जाणार कुठे? रचना जागच्या जागी गोठते.

मिश्रणात वजनाने पाचेक टक्के कोपॉलिमर पुरतं. ताण आला की हे मऊ कण आतून फुटून पोकळ होतात, भोवतालच्या इपॉक्सीला थोडं सरकता येतं आणि चिरेची ऊर्जा तिथेच खर्ची पडते. साखळ्यांच्या लांबीचं प्रमाण बदललं तर गोळ्यांऐवजी लांबट, गांडुळांसारखे आकार बनतात. बेट्स यांच्या गटाने पुढे तपासलं, तर चीर अडवण्यात गांडुळं गोळ्यांना भारी पडली.

आणि वडी दुधाळ? छे! दृश्य प्रकाशाची लहर चारशे नॅनोमीटरच्या पुढची, तिला हे कण जाणवतच नाहीत. अशी वडी वर्तमानपत्रावर ठेवलीत, तर खालची बारीक जाहिरातसुद्धा वाचता येईल.