बाहेरचा पंच

अध्यक्ष महाराज, वाचनालयाची कार्यकारिणी आणि आभाळ भरून आलेलं असतानाही वेळेवर आलेले श्रोते, सगळ्यांना नमस्कार.

पत्रिकेवर विषय छापलाय 'ग्रीसचं कर्ज आणि ग्रीसचा फुटबॉल'. या दोघांचा एकमेकांशी संबंध काय, असं आत येताना दोघा-तिघांनी विचारलं. माझ्या मते तो संबंध 'पंच' या एका शब्दात आहे. मैदानावरचा पंच आणि गावचा पंच, दोन्ही अर्थांनी. तो मुद्दा मी शेवटी मांडणार आहे. आधी माणसं सांगतो, कारण माणसं कळल्याशिवाय मुद्दा पोकळ वाटेल.

मी ३१ वर्षं बोटींवर इंजिनिअर होतो, त्यातली नऊ ग्रीक मालकांच्या बोटींवर. दापोली तालुक्यात हे फोड करून सांगावं लागत नाही. दर चार घरांआड कुणीतरी बोटीवर असतंच. २०१० नंतरची पाच-सहा वर्षं मी सुट्टीवर यायचो, पेपर उघडायचो आणि तळपायाची आग मस्तकात जायची. ग्रीस म्हणजे ऋण काढून सण साजरा करणारा देश, असं आपल्याकडे सर्रास छापून यायचं. आळशी लोक, दुपारी झोपतात, जर्मनांच्या पैशावर जगतात. अहो, माझ्या बोटीवरचे चीफ इंजिनिअर पिरेअसचे, म्हणजे अथेन्सच्या बंदराचे. पहाटे चारला इंजिन रूममध्ये हजर, अंगातला बॉयलर सूट घामानं कायम ओला. त्या काळातले युरोपचे आकडे काढून बघा: ग्रीक माणूस वर्षाला २,००० तासांहून जास्त काम करत होता, जर्मन माणूस १,४०० च्या आसपास. झोपाळू कोण, तुम्हीच ठरवा.

सरकारनं हिशेब खोटे दिले, हे मात्र खरं. ऑक्टोबर २००९ मध्ये नवं सरकार आलं आणि आधी देशाच्या उत्पन्नाच्या सहा टक्क्यांच्या आसपास सांगितलेली सरकारी तूट साडेबाराच्या वर निघाली. फेरमोजणीत ती पंधराच्याही पुढे गेली. एप्रिल २०१० मध्ये पंतप्रधान पापांद्रेऊ कास्तेलोरिझो नावाच्या टिकलीएवढ्या बेटावर उभे राहिले आणि मागे निळंशार बंदर असताना त्यांनी जगाकडे मदत मागितली. पहिलं कर्ज ११० अब्ज युरोंचं. ते खोटं सरकारांनी लिहिलं. त्याची शिक्षा माझ्या चीफना आणि त्यांच्या आईच्या पेन्शनला झाली, आणि याचा राग मला आजही आहे.

आता क्लब. आमच्या बोटीवर तीन ग्रीस होते. चीफ ऑलिंपियाकोसचे: लाल-पांढरा, १९२५ साली पिरेअस बंदरात जन्मलेला, गोदी कामगारांचा क्लब. इलेक्ट्रिशियन पानाथिनाइकोसचा: हिरवा, १९०८ चा, खास अथेन्सचा. आणि आचारी एईकेचा, पिवळा-काळा. चीफ आणि इलेक्ट्रिशियन एकाच टेबलावर जेवायचे, पण सोमवारी नाही. रविवारी सामना झालेला असायचा ना.

ऑलिंपियाकोसवाल्यांना बाकीचे 'गाव्रोस' म्हणून चिडवतात. गाव्रोस म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला बारीक मासा. बंदरातली माणसं, म्हणून मांदेली. गंमत अशी की त्यांनी ते नाव हौसेनं स्वतःला लावून घेतलं. बोट ग्रीसच्या किनाऱ्याला असली आणि ऑलिंपियाकोस हरला, की दुसऱ्या दिवशी आमचा आचारी न चुकता गाव्रोस तळायचा. चीफ ताटाकडे बघायचे, लिंबू पिळायचे आणि एकही न सोडता खायचे. हर्णैच्या बाजारात मांदेलीचा वाटा दिसला की मला अजून ते ताट आठवतं.

आचाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. एईके म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपलचा क्रीडासंघ. इस्तंबूलच्या नावाचा क्लब अथेन्समध्ये कसा? १९२३ साली लोझानच्या करारानं ग्रीस आणि तुर्कस्ताननं माणसांची अदलाबदल केली. सुमारे १२ लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, चार लाखांच्या आसपास मुसलमान तुर्कस्तानात गेले. आपल्याला फाळणी माहीत आहे, कल्याणची छावणी आणि तिचं झालेलं उल्हासनगर माहीत आहे, म्हणून हे चटकन कळेल. त्या निर्वासितांनी वस्त्यांना नावं दिली नेआ स्मिर्नी, नेआ फिलाडेल्फिया. नेआ म्हणजे नवी. आणि क्लब काढले. १९२४ ला अथेन्समध्ये एईके, १९२६ ला थेस्सालोनिकीत पाओक. दोन्हींच्या छातीवर बायझंटियमचा, म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपलच्या जुन्या साम्राज्याचा, दुतोंडी गरुड. पाओकच्या गरुडाचे पंख मिटलेले आहेत, दुखवट्यात असल्यासारखे. आचाऱ्याची आजी त्या लोंढ्यात आली होती. घराची किल्ली घेऊन आली होती, असं तो सांगायचा. घर इस्तंबूलला राहिलं.

एक साल लक्षात ठेवा: १९२४. ज्या वर्षी एईके जन्मला, त्याच वर्षी या निर्वासितांना वसवण्यासाठी ग्रीसनं राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली परदेशातून कर्ज काढलं. क्लब आणि कर्ज एकाच वयाचे. याच्याकडे मी परत येतो.

जाता जाता आणखी एक गोष्ट, वेळ कमी आहे तरी सांगतोच. मंदीच्या वर्षांत ग्रीसच्या गल्लीबोळांतल्या दुकानांत उधारीची वही परत आली. तिला ते 'तेफ्तेरी' म्हणतात. मी चीफना म्हटलं, आमच्याकडे याला दफ्तर म्हणतात. शब्द एकच! मूळ ग्रीक, कातड्यासाठीचा 'दिफ्थेरा'. तो फारसी-अरबीत गेला, दफ्तर होऊन आपल्याकडे आला आणि तुर्कीतून फिरून परत ग्रीकांच्या दुकानात वही होऊन बसला. आणि आपला 'दाम'? तो त्यांचा ड्रॅक्मा, संस्कृतातल्या द्रम्माच्या वाटेनं आलेला. २००२ साली त्यांनी ड्रॅक्मा सोडला, एका युरोला ३४०.७५ या दरानं. दाम आपल्याकडे राहिला.

आता २२ जून २०१२. हे मला सविस्तर सांगू द्या. आमची बोट पिरेअसजवळ पेरामाच्या दुरुस्ती गोदीत होती. पेरामात तेव्हा काम असलेला माणूस शोधावा लागत होता. नाक्यावरच्या काफेनिओत, म्हणजे तिथल्या चहा-कॉफीच्या दुकानात, आम्ही युरो कपचा सामना बघायला बसलो. ग्रीस विरुद्ध जर्मनी, ठिकाण पोलंडमधलं ग्दान्स्क. जर्मनीच्या तेव्हाच्या चान्सलर मर्केलबाई स्वतः मैदानात हजर. ज्यांनी पेन्शनी कापायला लावल्या असं तिथला प्रत्येक म्हातारा मानत होता, त्या बाई टीव्हीवर टाळ्या वाजवत होत्या.

सहा दिवस आधी कारागुनिसच्या गोलवर ग्रीसनं रशियाला हरवलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी देशात निवडणूक झाली होती. पण त्या सामन्यात कारागुनिसला पिवळं कार्ड मिळालं, म्हणून जर्मनीविरुद्ध तो बाहेर. कारागुनिस पानाथिनाइकोसचा. माझ्या चीफनी इतकी वर्षं त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, आणि त्या संध्याकाळी ते दर पाच मिनिटांनी म्हणत होते, "कारागुनिस हवा होता." इलेक्ट्रिशियननं त्यांच्याकडे बघितलं आणि न बोलता स्वतःच्या पैशानं त्यांना कॉफी मागवली. चीफनी ती घेतली. नऊ वर्षांत मी ते एकदाच पाहिलं.

३९ व्या मिनिटाला जर्मनीचा गोल. मग ५५ व्या मिनिटाला सामारासनं बरोबरी केली. दोनच दिवसांपूर्वी शपथ घेतलेल्या नव्या पंतप्रधानांचं आडनावही सामारास! कोपऱ्यातला एक म्हातारा उठून ओरडला, "हा सामारास देणं फेडतोय!" काफेनिओचा मालक गल्ला उघडा टाकून रस्त्यावर पळाला. आचारी रडत होता. लाल, हिरवा, पिवळा, कुणाचा कोण काही कळेना. ६१ व्या मिनिटाला जर्मनीनं दुसरा गोल केला, मग तिसरा, मग चौथा. शेवटी पाओकच्या साल्पिंगिदिसनं पेनल्टीवर एक परत केला. ४-२. पण ती मधली सहा मिनिटं मी पाहिली आहेत. त्या देशाला मी आळशी म्हणू देणार नाही.

सामना संपल्यावर भांडण सुरू झालं. जर्मनीला कुणी शिव्या दिल्या नाहीत. भांडण होतं ते लीगमधल्या पंचांवरून. इलेक्ट्रिशियनचं म्हणणं, लीगचे पंच ऑलिंपियाकोसच्या खिशात. १९९७ ते २०१७ या एकवीस हंगामांत एकोणीस वेळा ऑलिंपियाकोस विजेता झाला, तेव्हा हा संशय घ्यायला तिथे पुरावा लागत नसे. चीफचं उत्तर, आमचे विजय मैदानावरचे. तुमच्या क्लबामागे श्रीमंत घराणी, मंत्री तुमचे. आचारी म्हणाला, तुम्ही दोघंही चोर, निर्वासितांना कुणीच वाली नाही. मग त्याच आवाजात, तीच वाक्यं करावर आली. मी कर का भरू, डॉक्टर भरत नाही. डॉक्टर का भरेल, बोटमालक भरत नाही. आदल्या वर्षी सरकारनं घरपट्टीचा नवा कर विजेच्या बिलात घातला होता. कर नाही तर वीज नाही. स्वतःच्या कर अधिकाऱ्यावर सरकारचाच भरवसा नव्हता, म्हणून वसुली मीटरवाल्याकडे दिली.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. ठीक आहे, मुद्दा आता मांडतो.

घरच्या पंचावर कुणाचाच विश्वास नसला की बाहेरचा पंच येतो, आणि बाहेरचा आला की घरचा तयारच होत नाही. ग्रीसमध्ये हे वारंवार झालंय. १८९३ साली पंतप्रधान त्रिकुपिस यांच्या काळात दिवाळं. १८९७ ला तुर्कस्तानशी युद्ध हरले आणि १८९८ ला सावकार देशांची आर्थिक समिती अथेन्समध्ये बसली. मीठ, रॉकेल, काड्यापेट्या, पत्त्यांचे जोड यांचं उत्पन्न तिच्या हाती. पिरेअसच्या बंदराची जकातसुद्धा! ज्या धक्क्यांवर पुढे ऑलिंपियाकोस जन्मला, तिथली वसुली परक्यांच्या ताब्यात. मग १९२४. मग २०१० ला युरोपीय आयोग, युरोपची मध्यवर्ती बँक आणि नाणेनिधी यांची 'ट्रॉइका'. २०१६ ला पिरेअस बंदराची बहुमताची मालकी चिनी कंपनी कॉस्कोकडे गेली.

मैदानावर बघा. २००७ ला एका चाहत्याचा खून झाला आणि पाहुण्या संघाच्या चाहत्यांना मोठ्या सामन्यांत मज्जाव झाला. म्हणजे शेजाऱ्यासमोर बसून हरायची सवयच गेली. २०१३ ला कर्जात बुडालेला एईके पहिल्यांदा खाली उतरला आणि तिसऱ्या श्रेणीतून नव्यानं सुरुवात करायला गेला. फेब्रुवारी २०१५ मध्ये दंगलीमुळे सरकारनं लीगच थांबवली. त्याच उन्हाळ्यात एटीएममधून दिवसाला ६० युरो मिळत होते. सावकारांच्या अटींवर जुलैत झालेल्या सार्वमतात ६१ टक्के लोक 'नाही' म्हणाले, तरी ८६ अब्जांचं तिसरं कर्ज घ्यावंच लागलं. मार्च २०१८ मध्ये गोल नाकारला म्हणून पाओकचा मालक कमरेला पिस्तूल लावून मैदानात उतरला. लीग पुन्हा बंद. त्यानंतर मोठ्या सामन्यांना परदेशी पंच बोलवायची रीत पडली. ऑगस्ट २०१८ मध्ये ट्रॉइकाचा कार्यक्रम संपला, आणि पंच मात्र परदेशातून येत राहिले! ट्रॉइका आणि परदेशी पंच या गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत. परका पंच नियम बरोबर लावतो, पण आजीच्या किल्लीची गोष्ट त्याला माहीत नसते.

दुसरी चिठ्ठी. एवढंच सांगून थांबतो. २९ मे २०२४. युरोपच्या कॉन्फरन्स लीगची अंतिम लढत, ऑलिंपियाकोस विरुद्ध फिओरेन्तिना. आणि मैदान कुठलं? नेआ फिलाडेल्फिया, एईकेचं नवं मैदान, आचाऱ्याच्या घरापासून दोन गल्ल्या. चीफ आता सत्तरीचे. त्या वस्तीत जन्मात पाय ठेवला नव्हता, पण तिकीट मिळालं तसे गेले. ११६ व्या मिनिटाला ऑलिंपियाकोसच्या एल काबीनं गोल केला आणि व्हिडिओवाल्यांनी ऑफसाइड तपासायला घेतला. सगळं मैदान थांबलं. पोर्तुगीज पंच कानावर हात धरून उभा. मग त्यानं गोल दिला. ग्रीसच्या क्लबाला युरोपचा पहिला चषक.

पहाटे मला इथे फोन. पलीकडून चीफ नव्हे, आचारी बोलत होता. "तुझा चीफ माझ्या ओट्यावर बसलाय," तो म्हणाला. "त्याला गाव्रोस तळून घालतोय." मग चीफनी फोन घेतला आणि बराच वेळ नुसते खात राहिले.