आधी तोल, मग पायडल

नमस्कार श्रोतेहो.

लहान मुलांच्या ऑक्युपेशनल थेरपीचं, म्हणजे रोजची कामं मुलांना स्वतःच्या हातापायांनी जमावीत म्हणून सराव करून घ्यायचं, काम मी सोलापुरात करते. माझ्याकडं येणारे आईवडील पहिल्या भेटीत बोलतात ते चालण्याबद्दल, लिहिण्याबद्दल, शर्टाच्या बटणांबद्दल. सायकलचा विषय निघतो उशिरा, बहुतेक वेळा उठता उठता. "आणि हो मॅडम, सायकल काही जमंना बघा ह्याला. धाकट्याला आली, ह्याला नाही." आज मी त्याच विषयावर बोलणार आहे. कारण मुलाच्या लेखी तो शेवटचा नसतो. संध्याकाळी गल्लीतली सगळी पोरं सायकली काढतात आणि हा पायरीवर बसून राहतो, तेव्हा त्याला बटणाचं दुःख नसतं, सायकलचं असतं.

अशी मुलं बरीच असतात. काहींना सेरेब्रल पाल्सी असते, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळं हालचालीत अडचण येते, काहींना डाऊन सिंड्रोम, म्हणजे जन्मतःच गुणसूत्रातला फरक. काही मुलं दिवस भरण्याआधी जन्मलेली, काहींचे स्नायू मुळातच सैल. आणि एक गट असा, की तपासण्यांमध्ये काहीच निघत नाही. मूल हुशार असतं, पाढे घडाघडा म्हणतं, पण चेंडू झेलता येत नाही, जिन्यावर अडखळतं, डबा उघडताना अर्धी भाजी सांडते. शाळकरी वयाच्या शंभर मुलांमध्ये अशी पाच-सहा असतात. डॉक्टरी भाषेत ह्याला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात. घरात वेंधळा म्हणतात, शाळेत आळशी. ह्यात आळस नसतो. हालचाल मनात रचून ती अंगात उतरवणं त्यांना अवघड जातं. इतरांना जे चार वेळा करून येतं, ते त्यांना कितीतरी जास्त वेळा करावं लागतं. पण येतं.

आता सायकलवर बसल्यावर काय काय करावं लागतं ते बघा. तोल सांभाळायचा, हँडल धरायचं, दोन्ही पाय आळीपाळीनं फिरवायचे, समोर बघायचं, ब्रेक लक्षात ठेवायचा. सगळं एकाच वेळी. ज्या मुलाला एकेक गोष्टच कष्टानं जमते, त्याच्यापुढं आपण पाचही एकदम ठेवतो. वर आजूबाजूनं काका ओरडत असतात, "पाय मार, पाय मार! अरे समोर बघ! हँडल सरळ!"

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की पायडल काढून टाका. अक्षरशः पाना लावून दोन्ही पायडल काढा, सीट खाली घ्या, आणि मुलाला नुसता तोल शिकू द्या. पाय फिरवणं नंतर.

हे काही परदेशी खूळ नाही. श्रोत्यांपैकी जे पन्नाशी-साठीचे आहेत, त्यांनी आठवून बघावं. तुम्ही कसे शिकलात? लक्ष्मी-विष्णू मिलच्या पाळीला जाणाऱ्या वडिलांची, काकांची उंच सायकल. सीटवर पाय पुरायचा नाही. मग डावा पाय पायडलवर ठेवायचा आणि उजव्या पायानं जमीन मागं ढकलत, लंगडी घालत जायचं. चार ढकल्यात सायकल पळायला लागली की दोन्ही पाय वर. तेवढ्या दहा-बारा फुटांत अंगाला तोल कळायचा. त्यानंतर दांडीखालून पाय घालून हाफ पायडल, आणि सगळ्यात शेवटी सीट. आधी तोल, मग पाय, हा क्रम आपल्याकडं आपोआप पाळला जात होता. लहान मुलांच्या रंगीत सायकली आल्या, त्यांना मागं दोन बारकी चाकं आली, आणि क्रम उलटा झाला. मूल आधी पाय मारायला शिकतं, तोल राहतो बाजूला.

जगातली पहिली दुचाकीसुद्धा बिनपायडलचीच होती. जर्मनीत कार्ल ड्राइस ह्यांनी १८१७ साली ती केली, आणि माणसं तिच्यावर बसून पायांनी जमीन रेटत जायची. पायडल लागले १८६०च्या दशकात, फ्रान्समध्ये.

ती बारकी आधाराची चाकं मला का आवडत नाहीत, तेही सांगते. सायकल डावीकडं कलली की हँडल थोडं डावीकडंच वळवायचं असतं, म्हणजे चाकं पुन्हा आपल्या अंगाखाली येतात. सायकल चालवता येणं म्हणजे मुख्यतः हेच, न विचार करता, सतत, थोडं थोडं. आधाराची चाकं सायकलला कलूच देत नाहीत. मूल एका चाकावर भार टाकून बसून राहतं. दोन वर्षं अशी सायकल चालवली तरी तोलाचा एक धडाही होत नाही, आणि ज्या दिवशी ती चाकं काढतो त्या दिवशी मूल पहिल्याइतकंच घाबरतं. फक्त आता ते जड झालेलं असतं आणि बापाची कंबर दुखत असते.

सायकल कोणती? वाढत्या अंगाची घेऊ नका. कपडे घ्या, बूट घ्या, सायकल नको. सीटवर बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीला पूर्ण टेकल्या पाहिजेत आणि गुडघे जरा वाकले पाहिजेत. वयाच्या मानानं लहान सायकल दिसली तरी चालेल. शक्यतो हलकी बघा. अशा मुलांना सायकलचं वजनच निम्मं दमवतं. बिनपायडलच्या नव्या सायकली बाजारात मिळतात, पण त्या बहुतेक चिमुकल्यांच्या मापाच्या. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी कुणाची तरी जुनी सायकल मागून आणा आणि दुकानात न्या. मी एका पालकांबरोबर गेले होते, तर मिस्त्री हातातलं काम ठेवून म्हणाले, "ताई, पायडल काढल्यावर ती सायकल कसली? ढकलगाडी की!" म्हटलं, ढकलगाडीच पाहिजे. घरी काढणार असाल तर एक ध्यानात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. नेहमीसारखा पाना फिरवलात तर ते आणखी घट्ट बसेल. ब्रेकचा दांडा मुलाच्या बोटांना पुरतोय का हेही मिस्त्रींनाच बघायला सांगा. बऱ्याच ब्रेकना तो जवळ घ्यायला बारीक स्क्रू असतो.

हेल्मेट हवंच. भुवईच्या वर दोन बोटं, हनुवटीखाली पट्टा इतका की एखादं बोट जाईल. मान लवकर दमणाऱ्या मुलासाठी वजनाला हलकं बघून घ्या. पायात चप्पल नको, बूट.

जागा हा सोलापुरात जरा विचाराचा विषय आहे. होम मैदानाचं नाव सगळे घेतात, पण जानेवारीत तिथं सिद्धेश्वरांचा गड्डा, म्हणजे यात्रा, भरतो, तेव्हा तिकडं वळू नका. तसं मोठं मैदान लागतच नाही. शाळेचं पटांगण, जुळे सोलापूरकडच्या एखाद्या सोसायटीतला आतला रस्ता, मंगल कार्यालयाच्या पुढची मोकळी फरशी, काहीही चालेल. जमीन मात्र टणक पाहिजे. पडलं तर लागू नये म्हणून लोक गवतावर नाहीतर मऊ मातीत नेतात. तिथं चाक रुततं, सायकल पळत नाही, आणि न पळणारी सायकल पडतेच. अगदी हलका उतार मिळाला तर सोनं. उतार कळू नये इतका कमी असावा. आणि मैदानाच्या कडेची वेडी बाभूळ बघून ठेवा. तिच्या काट्यानं ट्यूब गेली की त्या दिवशीची शिकवणी संपली, आणि मुलाला वाटतं आपल्यामुळं झालं.

हंगामाबद्दलही माझं मत आहे. सायकल शिकवायला सगळे मे महिन्याची सुट्टी धरतात. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. सैल स्नायूंचं मूल आधीच लवकर दमतं, त्याला उन्हात दमवून काय हाती येणार? दिवाळीच्या सुट्टीत सुरू करा. पाऊस गेलेला असतो, सकाळी गारवा असतो. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे. रविवारी दोन तास काढून भरपाई होत नाही.

आता प्रत्यक्ष शिकणं. पहिले काही दिवस सीटवर बसून नुसतं चालायचं. कंटाळवाणं दिसतं, पण करू द्या. ह्याच दिवसांत ब्रेक शिकवा. मागचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते आधी तुम्ही बघून घ्या आणि सुरुवातीला तेवढाच दाबायला सांगा. चालणं सहज झालं की पावलं लांब पडायला लागतात. मग दोन्ही पायांनी एकदम जमीन रेटून पाय उचलायचे आणि सायकल नेईल तिथवर जायचं. आधी दोन फूट, मग चार. त्या वेळी तुम्ही एकच सूचना द्यायची. "समोरच्या त्या लिंबाकडं बघ," बस. चाकाकडं बघितलं की सायकल चाकाकडंच वळते. आणि "हळू, हळू" असं मुळीच ओरडू नका. फार हळू चाललेली सायकल सगळ्यात जास्त डगमगते. भराभर चालणाऱ्या माणसाइतका वेग तरी तिला लागतोच.

धरायचंच असेल तर हँडल धरू नका, सीटही धरू नका. तुम्ही धरलेल्या सायकलचा तोल तुम्हाला कळतो, मुलाला नाही. धरा मुलाला. आपल्या गावात त्यासाठी वेगळं काही विकत आणायची गरज नाही. अंघोळीचा सोलापुरी टॉवेल छातीवरून, दोन्ही काखांखालून मागं घ्या आणि त्याची टोकं हातात ठेवून बरोबर चाला. टॉवेल सैल राहिला पाहिजे. मूल खरोखर पडायला लागलं तरच तो ताणला जाईल.

आणि एक गोष्ट मी पालकांना जरा कडक शब्दांतच सांगते. "धरलंय, धरलंय" म्हणत गुपचूप हात सोडायचा नाही. तुमचे वडील तसं वागले असतील, तुम्हाला त्याची गंमतही वाटत असेल. ज्या मुलाचा स्वतःच्या अंगावर भरवसा नाही, त्याचा सगळा भरवसा तुमच्या हातावर असतो. तो हात खोटा निघाला तर ते मूल महिनोन् महिने सायकलजवळ फिरकत नाही. सोडायचं असेल तर सांगून सोडा. "आता तीन म्हटलं की सोडणार." नको म्हणालं, तर नका सोडू.

सायकल पाय वर घेऊन वीस-पंचवीस फूट जायला लागली, हँडल आपोआप वळायला लागलं, की पायडल परत लावायचे. काही मुलांना पाय फिरवणंच अवघड जातं. पायडल अगदी वर आलं की तिथंच अडकतं, किंवा पाऊल घसरतं. त्यांच्यासाठी मागचं चाक जमिनीवरून उचलणाऱ्या डबल स्टँडवर सायकल उभी करा, कुणीतरी हँडल धरा आणि जागच्या जागी पाय मारू द्या. तिथं पाऊल राहावं म्हणून पट्टी बांधली तर हरकत नाही. मैदानात मात्र पाऊल कधीही बांधायचं नाही, ते झटकन जमिनीला लागलं पाहिजे. सगळ्यात कठीण असतं निघणं. घड्याळात दोन वाजल्यावर काटा जिथं असतो, तिथं उजवं पायडल आणून ठेवायचं आणि त्यावर जोर देऊन निघायचं. फक्त निघायचं आणि थांबायचं, असा सराव वेगळा करून घ्या.

डॉक्टरांना कधी विचारायचं? फिट येत असतील तर आधी विचारा. डाऊन सिंड्रोम असेल तरीही विचारा, कारण ह्या मुलांपैकी काहींचे मानेतले वरचे सांधे सैल असतात. पायात ब्रेस, म्हणजे आधाराचा साचा, असेल तर तो घालून चालवायचं की काढून, ते तुमच्या थेरपिस्टनं मुलाला बघूनच ठरवावं. आणि ज्यांची मुलं अजून खूप लहान आहेत त्यांनी, दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल, तर "बापावर गेलंय, तोही उशिराच चालला" ह्या आजीच्या बोलण्यावर थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, पुढचे उपचार मोफत होतात. अंगणवाडी ताईंना विचारा.

काही मुलं दुचाकी चालवणार नाहीत, तेही मोकळेपणानं सांगते. पाय फार ताठ असतील, बसताना धडच सावरत नसेल, तर मोठी तीनचाकी घ्या. माझ्याकडं येणारी एक मुलगी तीनचाकीवरून दूध आणायला जाते. तिच्या आजीला सुरुवातीला लाज वाटायची, "एवढी मोठी पोरगी अन् तीनचाकी?" आता आजीच मागच्या बास्केटमध्ये भाजीची पिशवी ठेवून तिला पिटाळते.

बघ्यांचं काय करायचं? त्यासाठी सकाळी लवकर जा. दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

आणि सायकल आली म्हणून लगेच सात रस्त्याच्या रहदारीत धाडू नका. मान मागं वळवली की हँडल त्याच बाजूला वळतं, हे आपल्या सगळ्यांचंच होतं; ह्या मुलांचं जास्त काळ होत राहतं. मैदानात सरळ जाताना तुम्ही मागून बोटं दाखवा आणि किती ते विचारा. सायकल ओळीतून न हलता मुलाला बरोबर आकडा सांगता यायला लागेपर्यंत गल्ली आणि पटांगण, एवढंच.

नमस्कार.