कोणाचं काय बिघडलं?

नमस्कार श्रोतेहो. एक प्रसंग सांगतो, मनातल्या मनात निवाडा करा. वडील वारले. दुसऱ्याच दिवशी थोरला मुलगा केस कापून आला आणि कोंबडीवर ताव मारून जेवला. चुकलं का त्याचं?

"अहो, सुतक आहे घरात!" असं बऱ्याच जणांच्या ओठांवर आलं असेल. बरं, मग सांगा, त्यात कोणाचं काय बिघडलं? इथे मात्र जीभ जरा अडखळते.

हा प्रसंग माझ्या डोक्यातला नाही. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे 39 प्रसंग लोकांपुढे ठेवले होते. काही लोक भुवनेश्वरच्या जुन्या देवळांच्या वस्तीतले, काही शिकागोतल्या हाइड पार्क भागातले. मोठी माणसं होती तशी लहान मुलंही होती. 1987 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. भुवनेश्वरच्या ब्राह्मणांना त्या मुलाची कोंबडी अतिशय गंभीर अपराध वाटली. शिकागोकरांना त्यात अपराध कुठला, हेच कळेना.

रस्त्यात झोपलेल्या कुत्र्याला उगीच लाथ मारणं वाईट, यावर दोन्ही गावांचं एकमत होतं. पण नवऱ्यानं बजावूनही बायको त्याला न सांगता पुन्हा एकटी सिनेमाला गेली आणि त्यानं तिला बेदम मारलं, या प्रसंगात भुवनेश्वरच्या लोकांनी नवऱ्याची बाजू घेतली. ऐकताना मला राग आला, लपवत नाही. समोरच्याचं म्हणणं समजून घेणं आणि ते पटवून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं इथेच बोलून ठेवतो.

आता विधवेच्या माशांचं बघू. ओडिशातले अनेक ब्राह्मण मासे खातात, पण विधवेनं ते खाणं तिथल्या लोकांना पाप वाटलं. शिकागोकर म्हणणार, बाई स्वतःच्या ताटात काय वाढून घेते, हा तिचा प्रश्न. भुवनेश्वरचं उत्तर असं, की मासे उष्ण, त्यानं वासना चाळवते आणि गेलेल्या नवऱ्याच्या आत्म्याला क्लेश होतात. म्हणजे कोणाला इजा होते का, हा प्रश्न त्यांनाही पडतोच. फक्त ज्यांना इजा होऊ शकते, त्यांच्या यादीत मेलेला नवराही असतो. शिकागोच्या यादीत फक्त जिवंत असलेले. भांडण होतं ते या यादीवरून, आणि दोघांनाही वाटत राहतं की समोरच्याला नीतीच नाही. (त्या बाईची भूक मात्र दोन्हीकडच्या वादात मागे पडते, असं मला आपलं वाटतं.)

याला केवळ पूर्व-पश्चिमेचा फरक म्हणून चालायचं नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट आणि त्यांच्या ब्राझीलमधल्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतलं फिलाडेल्फिया आणि ब्राझीलमधली रेसिफे आणि पोर्तु अलेग्रे अशी तीन शहरं होती. प्रसंग असा की एका बाईनं जुना राष्ट्रध्वज फाडला आणि घरातल्या घरात त्यानं संडास पुसला. शहराशहरांत फरक पडला, पण त्याहून मोठा फरक त्याच शहरातल्या शिकल्यासवरल्या, सुखवस्तू लोकांत आणि गरिबांत निघाला. गंमत पुढेच आहे. "वाईटच केलं तिनं" म्हणणारे लोक कारण विचारल्यावर घाईघाईनं एखादं नुकसान शोधून काढत. कोणी म्हणे, त्या चिंध्यांनी संडास तुंबेल. ते कारण टिकलं नाही तर दुसरं. निकाल आधीच लागलेला, कारणं मागाहून!

आपल्याकडे हेच एका कपभर चहावरून झालं. ऑक्टोबर 1890, पुण्यातलं पंचहौद मिशन, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांचं ठिकाण. व्याख्यान झालं, चहा-बिस्किटं आली. ख्रिस्ती लोकांच्या हातचा तो चहा. काहींनी घेतला, काहींनी कप नुसताच हाती धरला. त्यात न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी हजर मंडळींची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापवून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. सुधारकांचा सवाल शिकागोचाच होता, चहानं कोणाचं काय बिघडलं? सनातन्यांच्या लेखी बिघडलं होतं ते साऱ्या जातीचं. एक बाटला की पंगतीतले सगळे बाटले.

टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानडे बराच काळ नाही म्हणत राहिले. पण बहिष्कार असा की कार्याला भटजी मिळेना, आणि त्याची झळ त्यांच्याबरोबर अडकलेल्या मित्रांच्या घरांना लागत होती. शेवटी 1892 मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. आपलं काही चुकलं असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांच्यापुढे होती ती मित्रांची अडचण. सुधारकांना हा तत्त्वाशी द्रोह वाटला आणि त्यांनी रानड्यांवर टीकेची झोड उठवली. म्हणजे सुधारकांतही दोन याद्या निघाल्याच, आणि रानड्यांच्या यादीत मित्रांच्या घरची अडलेली कार्यं वर होती.