रक्तदाब, मूत्रपिंड आणि न दिसणारा दाह

सूज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाय येतात. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडतो, ती सूज. मी आज ज्या दाहाबद्दल, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींनी आत पेटवलेल्या सुजेबद्दल, बोलणार आहे तो दिसत नाही, दुखत नाही, त्याने तापही येत नाही. उच्च रक्तदाब असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडात तो वर्षानुवर्षं धुमसत असतो.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. एकेका मूत्रपिंडात सरासरी १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. गाळणीच्या तोंडाशी असलेली रक्तवाहिनी रक्तदाब वाढला की आकसते आणि आतल्या केशवाहिन्यांना वाचवते. पण दाब सतत चढाच राहिला तर ही राखण ढिली पडते, आणि धक्का थेट गाळणीला बसू लागतो.

इथवरची गोष्ट आपण ऐकलेली असते. पुढची ऐकलेली नसते, आणि खरं नुकसान तिथेच होतं. ताण बसलेल्या पेशी रसायनं सोडून मदत मागतात. अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक एकीकडे रक्तवाहिन्या आवळतं, दुसरीकडे ही हाक आणखी मोठी करतं. मग रक्तातून मॅक्रोफेज आणि टी पेशी या रोगप्रतिकारक पेशी धावून येतात. मारायला तिथे जंतू नसतातच. त्या येतात डागडुजीला, पण हाक थांबत नाही म्हणून परत जात नाहीत. डागडुजी चालूच राहते आणि जिवंत ऊतींच्या जागी व्रणाचे कठीण तंतू साचत जातात. व्रण झालेली गाळणी पुन्हा काम करत नाही.

२००७ साली प्रसिद्ध झालेला उंदरांवरचा एक प्रयोग मला आजही थक्क करतो. ज्या उंदरांमध्ये टी पेशी आणि बी पेशी (याही रोगप्रतिकारकच) नव्हत्या, त्यांना अँजिओटेन्सिन देऊनही रक्तदाब फारसा चढला नाही. त्यांना टी पेशी परत दिल्या, आणि तो चढला. बी पेशी दिल्या तेव्हा मात्र तसं झालं नाही. म्हणजे दाह हा रक्तदाबाचा नुसता परिणाम नाही, तो रक्तदाब वाढवतोही. दाहाने बिघडलेलं मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, दाब आणखी चढतो, दाह आणखी वाढतो.

मग दाह कमी करणारी गोळी घ्यावी का? कळकळीने सांगतो, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या यासाठी मनाने घेऊ नका. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या खुल्या ठेवणारी प्रोस्टाग्लँडिन्सच त्या अडवतात. दाब वाढतो आणि रक्तदाबाच्या औषधांचा गुणही कमी होतो. उलट एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या गटातली औषधं अँजिओटेन्सिनलाच आवरतात, म्हणून अनेक रुग्णांत गाळणीतून होणारी प्रथिनांची गळती त्यांनी कमी होते.

ही गळती लवकर सापडू शकते. रक्तातलं क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंड बाहेर टाकतं तो एक टाकाऊ पदार्थ, बरंच नुकसान होईपर्यंत सामान्य दिसू शकतं. लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन मात्र बरेचदा आधी बोलतं. लघवीतल्या एका ग्रॅम क्रिएटिनीनमागे ३० मिलिग्रॅम किंवा जास्त अल्ब्युमिन आलं तर तपासणी पुन्हा करतात, आणि तीन महिने तसंच राहिलं तर तो मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार धरतात. एका वेळच्या तपासणीला लघवीचा एक नमुना पुरतो. पुढच्या वेळी रक्तदाब मोजायला जाल, तेव्हा ही तपासणी शेवटची कधी झाली होती, एवढं डॉक्टरांना विचारा.