न पिणारा भाऊसुद्धा हवाय

नमस्कार मंडळी. दारूचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टी ऐकू येतात, एक तर "बापाचंच रक्त, दुसरं काय होणार" नाहीतर "मनावर घेतलं तर सुटते की". दोन्ही अर्धवट. जुळ्यांच्या अभ्यासातून अंदाज असा निघालाय की ह्या व्यसनाच्या धोक्यातला साधारण निम्मा वाटा आनुवंशिक, बाकी घर, संगत, परिस्थिती. आता तो निम्मा कुठल्या कुठल्या जीन्समध्ये (म्हणजे जनुकांमध्ये) आहे हे शोधायला एकटा पेशंट घेऊन भागत नाही, अख्खं घर लागतं.

ह्याच शोधासाठी अमेरिकेत १९८९ मध्ये कोगा नावाचा प्रोजेक्ट सुरू झाला, ब्रुकलिन, सेंट लुईस, इंडियाना, आयोवा अशा बऱ्याच ठिकाणी मिळून. उपचाराला आलेल्या माणसापासून सुरुवात, मग त्याचे आईवडील, भावंडं, मुलं. रक्त घ्यायचं, लांबलचक मुलाखत आणि डोक्यावर वायरींची टोपी घालून समोर चित्रं दाखवायची, मधेच एखादं वेगळं चित्र आलं की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक लहर उठते, ती मोजायची. ही लहर का, तर मेंदूच्या लहरींवर काम करणारे संशोधक हेन्री बेग्लायटर ह्यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं की दारुड्या वडिलांच्या, स्वतः थेंबही न घेतलेल्या मुलांमध्येसुद्धा ती लहान असते. पुढे मेंदूच्याच दुसऱ्या एका लहरीचा माग काढत २००४ मध्ये गाबरा-टू हे जीन पुढे आलं, अर्थात एकट्या जीनने काही ठरत नाही.

आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स ह्या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेतही एकाहून जास्त माणसं आजारी असलेली कुटुंबं घेऊन असं काम चालतं.

पण खरी अडचण सुईची नाहीच. न पिणारा भाऊ म्हणतो "मी कधी हात लावला नाही, माझा काय संबंध?" अहो तुमचाच तर संबंध, तुम्ही कसे वाचलात ते कळायला नको का! आणि बहिणीच्या सासरी कळलं तर, पोरीचं लग्न जमायचंय, ही भीती काही खोटी नाही. म्हणून नातेवाइकांना थेट फोन न करता आधी पेशंटनेच त्यांना विचारायचं, ही पद्धत मला पटते.

तर उद्या कोणी तुम्हाला अशा अभ्यासात येता का म्हणून विचारलं तर आधी तुम्हीच विचारा, नमुना कुठे ठेवणार, नावाऐवजी कोड असेल ना, मधेच बाहेर पडता येईल ना. तुमचा स्वतःचा रिपोर्ट हातात मिळेलच असं धरून चालू नका. आणि सहीची घाई नको, फॉर्म घरी नेऊन सगळ्यांसमोर वाचा.