आधी एक्सेल शीट, मग पिअर रिव्ह्यू

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय ‘वैद्यकीय संशोधनाच्या प्रकाशनातली नीतिमत्ता’ असा छापलाय. त्यातली एकच गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. क्लिनिकल ट्रायलचा, म्हणजे रुग्णांवर उपचार करून पाहिलेल्या चाचणीचा, पेपर जर्नलकडे आला, की सोबत प्रत्येक रुग्णाची वेगळी नोंद असलेली एक्सेल शीट आलीच पाहिजे. शीट नसेल तर पेपर पिअर रिव्ह्यूला, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडे तपासायला, पाठवूच नये. असं का म्हणतो, ते कळायला आधी फुजी प्रकरण बघू.

समोर भूलशास्त्राचे बरेच पीजी, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थी, दिसताहेत, त्यांना योशिताका फुजी हे नाव ठाऊक असेल. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवर ग्रॅनिसेट्रॉन हे औषध कसं लागू पडतं, यावर या जपानी भूलतज्ज्ञाने पेपरांचा रतीब घातला होता. 2000 साली जर्मनीतल्या पीटर क्रांके आणि सहकाऱ्यांनी ते पेपर शेजारीशेजारी ठेवले. उलट्यांच्या आकड्यांवर न थांबता त्यांनी दुष्परिणामांची ओळ वाचली. ग्रॅनिसेट्रॉनने डोकं दुखतं, हे तुम्ही जाणताच. आणि इथे पेपरामागून पेपरात, औषध घेतलेला गट असो की न घेतलेला, डोकेदुखीचे आकडे हुबेहूब सारखे! खऱ्या वॉर्डात असं होत नाही. एका गटात दोघांचं डोकं दुखतं, दुसऱ्यात पाच जणांचं, तिसऱ्यात कुणाचंच नाही. एकदा जुळलं तर योगायोग म्हणू, पण दरवेळी? आकडे रचणाऱ्याचा सगळा जीव मुख्य निकालात असतो. बाजूच्या रकान्यांत तो हाताला येईल ते भरतो. म्हणून पेपर वाचताना दुष्परिणामांचा तक्ता कधीही वगळू नका.

ही शंका मांडणारं क्रांकेंचं पत्र ‘ॲनेस्थेशिया अँड ॲनाल्जेसिया’ या जर्नलात छापून आलं, फुजींचं उत्तरही आलं, आणि विषय तिथेच मिटला. फुजींचे पेपर त्यानंतरही वर्षानुवर्षं छापले गेले. याचा मला आजही संताप येतो, कारण शंका चारचौघांत छापून आली होती आणि तरीही कुणी मूळ नोंदी मागितल्या नाहीत. मधल्या काळात ते आकडे मेटा-ॲनालिसिसमध्ये, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेल्या निष्कर्षांत, शिरले. 2012 साली जपानच्या तोहो विद्यापीठाने फुजींना नोकरीवरून काढून टाकलं. कारण काय, तर तपासलेल्या नऊ अभ्यासांपैकी आठांना एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिमत्ता समितीची, रीतसर परवानगीच नव्हती. त्याच वर्षी इंग्लंडचे भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी फुजींच्या 168 ट्रायल्सचं गणित मांडून दाखवलं, की असे आकडे नुसत्या योगायोगाने येणं जवळजवळ अशक्य. मग जपानच्या भूलतज्ज्ञ संघटनेने 212 पेपर तपासले. 172 बनावट निघाले, 37 बाबत निर्णय देता आला नाही. निर्दोष ठरले ते अवघे 3.

मग रिव्ह्यूअर काय करत होते, असं तुम्ही विचाराल. त्यांना दोष देऊ नका. 1998 साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलच्या संपादकांनी एका पेपरात मुद्दाम 8 उणिवा घालून तो 420 रिव्ह्यूअरांना धाडला. 221 जणांनी अभिप्राय पाठवले. सरासरी प्रत्येकाला दोनच उणिवा सापडल्या आणि 16 टक्क्यांना एकही नाही. त्या उणिवा तर पानावर समोर होत्या. रचलेला डेटा पानावर दिसतच नाही. (आणि रिव्ह्यूअरच खोटा असला तर? लेखकाने सुचवलेल्या नावांपुढचे ईमेल पत्ते बनावट निघाले, तेव्हा 2017 साली ‘ट्यूमर बायोलॉजी’ या जर्नलचे 107 पेपर एका दमात मागे घ्यावे लागले. सुचवलेल्या रिव्ह्यूअरचा पत्ता संस्थेच्या संकेतस्थळावरून स्वतः काढायचा, एवढं पथ्य संपादकांनी पाळावं. असो.)

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, तेव्हा मूळ मुद्दा भराभर सांगतो.

फुजींचं गणित मांडणारे कार्लाइल ‘ॲनेस्थेशिया’ या जर्नलचे संपादकही होते. 2017 ते 2020 दरम्यान तिथे आलेल्या 526 ट्रायल्स त्यांनी तपासल्या. रुग्णनिहाय शीट न मिळालेल्या 373 पेपरांपैकी त्यांना खोटा डेटा सापडला फक्त 2 टक्क्यांत. शीट मिळालेल्या 153 पैकी 44 टक्क्यांत! शीट मागितली जायची ती बरेचदा संशय आल्यावर, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचा. पण शीट नसताना आपण किती आंधळे असतो, ते यातून कळतं.

शीट आली की काय करायचं? एकेक रकाना चढत्या क्रमाने लावा आणि ओळींचे एकसारखे गठ्ठे शोधा. कोविडवर आयव्हरमेक्टिन हे औषध चालतं म्हणणाऱ्या एका इजिप्शियन प्रीप्रिंटची, म्हणजे पिअर रिव्ह्यूआधीच ऑनलाइन टाकलेल्या पेपरची, पोल अशीच उघडली. लंडनच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने डेटाची फाइल मिळवली, तिचा पासवर्ड होता 1234. आत काही रुग्ण अभ्यास सुरू होण्याआधीच मेलेले, आणि नोंदींचे गठ्ठे कॉपी केल्यासारखे. तो प्रीप्रिंट जुलै 2021 मध्ये काढून टाकला गेला. गठ्ठे शोधून झाले, की पहिल्या रुग्णाची तारीख एथिक्स कमिटीच्या मंजुरीशी आणि सीटीआरआय या भारतातल्या ट्रायल-नोंदवहीतल्या नोंदणीशी ताडा. रविवारी ओपीडी बंद असताना रुग्ण कसे भरती झाले, ते बघा. हाताने घेतलेल्या बीपीचे शेवटचे अंक पाहा; मोजणारा माणूस आकडा बरेचदा शून्यावर आणून लिहितो, त्यामुळे तिथे शून्याची गर्दी दिसली नाही, तर विचारा.

एका तपासणीला तर शीटही लागत नाही. समजा 28 रुग्ण आहेत, वेदनेचा स्कोअर पूर्णांकात आहे आणि सरासरी 5.19 छापलीय. बेरीज 145 असेल तर सरासरी 5.18 येते, 146 असेल तर 5.21. मध्ये दुसरा पूर्णांक नाही, म्हणजे 5.19 येऊच शकत नाही.

गोपनीयतेचा आक्षेप रास्त आहे. नाव, केसपेपर नंबर, पत्ता काढून टाका, वय फक्त वर्षांत ठेवा. सार्वजनिक प्रतीत तारखांऐवजी भरतीपासूनचे दिवस लिहा. संपादकाला मात्र खऱ्या तारखांची प्रत द्यावीच लागेल, नाहीतर रविवार सापडणार कसे? शीट द्यायला नकार आला तर पेपर नुसता परत करू नका, तो उद्या दुसऱ्या जर्नलकडे जाईल. लेखकाच्या संस्थेच्या डीनना आणि एथिक्स कमिटीला लेखी कळवा, आणि उत्तरासाठी मुदत घाला.