खांदेरीचा दिवा

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून समुद्रात दोन बेटं दिसतात. अलीकडे उंदेरी, पलीकडे खांदेरी. खांदेरीच्या टेकडीवर उभा आहे तो अष्टकोनी मनोरा, मुंबई बंदराच्या तोंडाशी जहाजांना वाट दाखवणारा.

हा दिवा लावला इंग्रजांनी, 1867 साली. त्याआधी हे बेट लढलं ते मात्र अंधाराच्या जोरावर.

1679. पावसाळा सरत आला होता. शिवाजी महाराजांच्या हुकमावरून मायनाक भंडारी खांदेरीवर उतरले आणि तटाचं काम सुरू झालं. मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला. इथे किल्ला झाला, तर बंदरात येणारं-जाणारं प्रत्येक गलबत मराठ्यांच्या नजरेखालून जाणार! त्यांनी जहाजं पाठवून बेटाची नाकेबंदी केली. पुढे जंजिऱ्याचा सिद्दीही त्यांना येऊन मिळाला. ऑक्टोबरात मराठ्यांच्या दौलतखानाच्या आरमाराशी झुंज झाली, त्यात इंग्रजांचं ‘डव्ह’ हे गुराब, म्हणजे लढाऊ गलबत, मराठ्यांच्या हाती लागलं.

पण खांदेरी तगली ती रात्रीच्या खेपांवर. इंग्रजांची मोठी जहाजं वाऱ्याच्या मर्जीवर. मराठ्यांच्या होड्या उथळ तळाच्या, वल्ह्यांवर पळणाऱ्या. काळोख पडला की त्या नागावच्या खाडीतून निघायच्या, बेटावर रसद उतरवायच्या आणि परत फिरायच्या. पहाऱ्यावरचे इंग्रज हात चोळत राहायचे. अखेर त्यांनी नाद सोडला. 1718 मध्ये, कान्होजी आंग्र्यांच्या काळात, मुंबईकरांनी पुन्हा हल्ला केला. तोही फसला.

1818 नंतर बेट इंग्रजांकडे आलं आणि काळोखच अडचणीचा झाला. मुंबईतून कापूस जात होता, जहाजं वाढत होती. म्हणून खांदेरीवर दिवा आला. मग 1875 मध्ये मुंबईतल्या कुलाब्याच्या दक्षिणेला, खडकांच्या रांगेवर, प्रॉंग्स दीपस्तंभ उभा राहिला. तो बांधणारे अभियंते थॉमस ऑर्मिस्टन.

खांदेरीच्या दिव्याला आज नाव आहे कान्होजी आंग्रे यांचं. ज्यांच्याकडून हे बेट इंग्रजांना घेता आलं नाही, त्यांचंच!

मनोऱ्याइतकाच मान इथे वेताळाला आहे. कोळी बांधव त्याच्या दर्शनाला आवर्जून येतात. तटाजवळ चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या तोफा अजून आहेत. आणि एक भलामोठा खडक, दगडाने ठोकला तर धातूसारखा वाजणारा. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात खांदेरीही आहे. जायचं तर थळहून होडी करावी लागते, तीही पावसाळा सोडून.